दोघांची एकच परीक्षा

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा म्हटली की तुमच्या पोटात गोळा येतो. 'एकदा दहावी झाली की सुटलो,' असे तुमच्यापैकी कितीतरी जण म्हणतात. पण पुण्याच्या आकाशातून लोहगावच्या विमानतळाकडे उतरणारे विमान दिसेल, तेव्हा एक गोष्ट आठवा. ते विमान चालवणाऱ्यांची परीक्षा कधीच संपत नाही. वीस-पंचवीस वर्षे विमान चालवलेल्या कॅप्टनलाही दर सहा महिन्यांनी परीक्षा द्यावी लागते. तो नापास झाला, तर पुन्हा शिकून पास होईपर्यंत त्याला प्रवाशांना घेऊन उडता येत नाही.

मी शिक्षिका आहे. बी.एड. करताना 'मूल्यमापन' हा विषय मी शिकले. प्रश्न कसे काढावेत, गुण कसे द्यावेत हे त्यात होते. म्हणून वैमानिकांच्या या परीक्षेविषयी मला कुतूहल वाटले आणि मी त्याबद्दल वाचू लागले. जे वाचले ते तुम्हांला सांगावेसे वाटते.

या परीक्षेचे दोन प्रकार आहेत. पहिली परीक्षा जमिनीवर होते. सिम्युलेटर नावाचे एक मोठे यंत्र असते. बाहेरून ते यांत्रिक पायांवर उभ्या असलेल्या खोलीसारखे दिसते. आत मात्र हुबेहूब विमानाचा कक्ष असतो. समोर धावपट्टी दिसते, ढग दिसतात, खोली डोलते, हादरे बसतात. कॅप्टन आणि सहवैमानिक शेजारी-शेजारी बसतात. परीक्षक मागे बसतो. विमान जमीन सोडणार, एवढ्यात तो एक बटण दाबतो आणि एक इंजिन बंद पडते! कधी तो इंजिनाला आग लावतो, कधी धावपट्टीवर दाट धुके पसरवतो. दुसरी परीक्षा खऱ्या विमानात, खऱ्या प्रवाशांसह होते. परीक्षक वैमानिकांच्या मागच्या छोट्या आसनावर बसतो आणि त्यांचे काम पाहत राहतो.

आता गंमत पाहा. आपल्या परीक्षेत शेजारच्याला काही विचारले, तर ती नक्कल ठरते. वैमानिकांच्या परीक्षेत शेजारच्याला विचारले नाही, सांगितले नाही, तर तो दोष ठरतो. तिथे दोघांची मिळून एकच परीक्षा असते. एक जण विमान चालवतो. दुसरा वेग, उंची आणि यंत्रे यांवर नजर ठेवतो आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगतो. एकाने यादीतील बाब वाचायची, दुसऱ्याने ती तपासून उत्तर द्यायचे, असे सारे ठरलेले असते.

हे सारे आधीच का ठरवायचे? आपल्याच शहरातील एक घटना सांगते. १५ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी एअर इंडियाचे एक विमान लोहगावहून दिल्लीला निघाले होते. ते धावपट्टीवर ताशी २०० किलोमीटरच्या पुढे धावत असताना वैमानिकांना समोर एक जीप आणि एक माणूस दिसला. त्यांनी विमान नेहमीपेक्षा आधीच वर उचलले. विमानाच्या मागच्या भागाला इजा झाली, पण ते दिल्लीला सुखरूप उतरले. विचार करा, अशा वेळी हाताशी किती सेकंद असतात? 'तू काय पाहायचे, मी काय करायचे' हे तेव्हा ठरवत बसता येत नाही.

दोघांचे हे एकत्र काम परीक्षक कसे मोजतो? १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातील तज्ज्ञांनी त्यासाठी एक पद्धत तयार केली. तिच्यात चार गोष्टी पाहतात: सहकार्य, नेतृत्व, भोवतालच्या परिस्थितीचे भान आणि निर्णय घेण्याची रीत. तिचे नियम मला फार आवडले. वैमानिकाचा स्वभाव कसा आहे, याला गुण नाहीत. तो काय बोलला आणि त्याने काय केले, एवढेच पाहायचे. आणि त्याला नापास केले, तर कारण समजावून सांगायचे. प्रत्येक शिक्षकाने हे नियम ध्यानात ठेवावेत.

पण यंत्रे बिघडण्यापेक्षाही एक अवघड प्रसंग असतो. वयाने आणि अनुभवाने मोठा असलेला कॅप्टनच चुकत असेल, तर?

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरला उतरत होते. त्यात १६६ माणसे होती. आखातात नोकरी करणारे, सुट्टीला घरी निघालेले कितीतरी लोक त्यात होते. कॅप्टनला दहा हजार तासांहून अधिक उड्डाणाचा अनुभव होता. विमान फार उंचावरून आणि वेगाने खाली येत होते. उतरू नये, पुन्हा वर जावे, असे सहवैमानिकाने तीन वेळा सांगितले. यंत्रही धोक्याचा इशारा देत होते. तरीही कॅप्टनने विमान उतरवले. टेकडीवरची ती धावपट्टी संपली आणि विमान दरीत कोसळले. १५८ जण मरण पावले, केवळ ८ वाचले. सहवैमानिकाचे न ऐकता उतरत राहणे हेच अपघाताचे कारण, असे चौकशीत ठरले.

आता दुसरी घटना ऐका. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका मोठ्या विमानाचे मागचे इंजिन फुटले आणि विमान वळवण्याची सारी साधने निकामी झाली. त्यांचा कॅप्टन होता अल हेन्स. त्याच विमानातून वैमानिकांना शिकवणारा डेनी फिच प्रवासी म्हणून चालला होता. त्याने मदत देऊ केली. हेन्सने कमीपणा मानला नाही. त्याला पुढे बोलावले आणि उरलेल्या दोन इंजिनांची दांडी त्याच्या हाती दिली. सगळे बोलत होते, सगळे ऐकत होते. उतरताना विमान मोडले, शंभराहून अधिक लोक दगावले. पण २९६ पैकी १८० हून अधिक माणसे वाचली. एकत्र काम करण्याच्या शिक्षणामुळेच हे जमले, असे हेन्स पुढे सांगत असे.

मित्रांनो, आपल्या घरांत मुलांना अदब शिकवतात. मोठ्यांसमोर आवाज चढवू नये, त्यांना उलट उत्तर देऊ नये. हे योग्यच आहे. मात्र अदब म्हणजे गप्प बसणे नव्हे. तुम्ही अब्बांच्या मागे स्कूटरवर बसला आहात आणि त्यांना पुढचा खड्डा दिसलेला नाही. तेव्हा तुम्ही गप्प राहाल का?

वैमानिकांना बोलण्याची रीतही शिकवतात. आधी आदराने हाक मारावी. मग दिसते ते सांगावे. मग काय करावे ते सुचवावे. 'सर, आपण फार उंच आहोत. पुन्हा वर जाऊ या.' यात अपमान कोठे आहे? आवाज चढवलेला नाही आणि सत्यही लपवलेले नाही. ऐकणाऱ्यालाही शिकवण असते. धाकट्याने सांगितले म्हणून रागवायचे नाही, आधी समोर पाहायचे.

तुमच्यापैकी कोणी पुढे वैमानिक होईल, कोणी डॉक्टर, कोणी गवंडी, कोणी बसचालक. या प्रत्येक कामात शेजारी कोणीतरी असणारच. त्याला वेळेवर सांगणे आणि त्याचे वेळेवर ऐकणे, हा धडा आपल्या प्रश्नपत्रिकेत येत नाही. त्याचा अभ्यास मात्र वर्गात, मैदानावर आणि घरात रोज करता येतो.