नवी मोटारसायकल : सुरक्षिततेच्या कसोटीवर

मोटारसायकलच्या माहितीपत्रकात इंजिनाची क्षमता आणि ताकद पहिल्या ओळीत असते. ब्रेक आणि टायर बहुधा शेवटच्या ओळींत. खरेदीचा विचारही त्याच क्रमाने होतो : किती सीसी, पिकअप कसा, लिटरला अ‍ॅव्हरेज किती आणि रंग कोणता. सुरक्षिततेचा विचार करणाऱ्याने हे पत्रक खालून वर वाचावे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती. मोटारींसाठी ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ची ताऱ्यांची प्रतवारी सुरू झाली, मोटारसायकलींना अशी प्रतवारी नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था गाडीची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात, पण गाडी कायद्याच्या किमान अटी पूर्ण करते एवढाच त्याचा अर्थ. त्या किमानाच्या पुढे कोणती गाडी किती सरस आहे, हे ग्राहकालाच तपशिलांवरून ताडून पाहावे लागते.

थांबण्याचे अंतर

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात १७ मीटर संपलेले असतात. त्यानंतर कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि नीट दाबलेले ब्रेक असे सगळे जुळून आले, तरी गाडी उभी राहायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. ताशी ८० किलोमीटरला नुसत्या ब्रेकचे अंतर ३५ मीटर होते आणि १०० ला ५५ मीटर. ६० वरून ८० वर जाताना वेग एक तृतीयांशानेच वाढतो, पण ब्रेकचे अंतर पावणेदोन पट होते. ओल्या रस्त्यावर हे सगळे आकडे आणखी वाढतात. गाडीतली कोणतीही सुरक्षा यंत्रणा हे गणित बदलू शकत नाही. ब्रेक लावताना चालकाच्या हातून होणारी चूक मात्र ती सावरू शकते.

ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. म्हणून गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो. आपल्याकडे ‘पुढचा ब्रेक दाबला की गाडी पलटी होते’ या भीतीपोटी अनेक चालक वर्षानुवर्षे नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. त्यांचे मागचे चाक लवकर लॉक होते, गाडी फरपटते आणि थांबण्याचे अंतर वाढते. पुढचा ब्रेक डिस्क असणे ही म्हणूनच निवडीची एक मोठी अट. ड्रम ब्रेक स्वस्त असतो, त्याची देखभालही सोपी असते. पण उताराच्या घाटात सतत वापरला की तो तापतो आणि त्याची पकड सैल पडते. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते, पाण्यातून गेली तरी लवकर कोरडी होते, आणि किती जोर दिला तर किती पकड मिळेल याचा अंदाज बोटांना चांगला येतो. १००-११० सीसीच्या अनेक गाड्यांना आजही १३० मिलिमीटरचे ड्रम मिळतात. त्याच मॉडेलचा डिस्कवाला प्रकार उपलब्ध असेल, तर त्यासाठी द्यावे लागणारे जादा पैसे सार्थकी लागतात.

सीबीएस आणि एबीएस

१२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस आणि त्याहून लहान दुचाकींना किमान सीबीएस, असा नियम भारतात नव्या मॉडेलांसाठी एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांसाठी एप्रिल २०१९ पासून लागू झाला. ही दोन नावे शोरूममध्ये एका दमात घेतली जातात; दोघांचे काम मात्र वेगवेगळे आहे. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. नुसत्या पायाच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याला त्याचा चांगला उपयोग होतो. पण चाक लॉक होणे त्याने थांबत नाही.

ते काम एबीएस करते. चाकाजवळ दातेरी किंवा भोके असलेली एक कडी असते आणि तिच्यासमोर सेन्सर. चाक किती वेगाने फिरते आहे, हे तो सेन्सर सतत मोजतो. चाक लॉक होण्याच्या बेतात आले की यंत्रणा त्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते. हे एका सेकंदात अनेकदा घडते. चाक फिरत राहिल्यामुळे टायरची पकड टिकते आणि हँडल वळवून अडथळा चुकवता येतो. एबीएस काम करू लागले की लिव्हरमध्ये किंवा पेडलमध्ये धडधड जाणवते. नवखा चालक तिला बिचकून ब्रेक सोडून देतो आणि नेमक्या वेळी यंत्रणेचा उपयोग घालवून बसतो. धडधड जाणवली तरी ब्रेक दाबून धरायचा, हे नवी गाडी घेताना शिकून घ्यायला हवे.

मोटारसायकलींसाठीचे पहिले इलेक्ट्रॉनिक एबीएस बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेत १९८८ मध्ये आले. तेव्हा ते जड आणि महाग होते. आज ११० सीसीच्या गाडीवरही ते बसवता येते, हे बजाज प्लॅटिनाने दाखवून दिले. अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची तुलना केली, तेव्हा एबीएस असलेल्या गाड्यांच्या जीवघेण्या अपघातांचे प्रमाण २२ टक्क्यांनी कमी आढळले. मोटारसायकलवरील दुसऱ्या कोणत्याही यंत्रणेपेक्षा एबीएसला अग्रक्रम द्यावा, तो यामुळे.

‘सिंगल चॅनल’ एबीएस फक्त पुढच्या चाकावर काम करते. ‘ड्युअल चॅनल’ दोन्ही चाकांवर. पुढचे चाक लॉक झाले की गाडी क्षणात आडवी होते, त्यामुळे सिंगल चॅनलही मोठा बचाव करते. पण पावसात, उतारावर, घाबरून पायाचा ब्रेक जोरात दाबला तर मागचे चाक घसरतेच. वर्षातले चार महिने पावसात गाडी चालवणाऱ्याने ड्युअल चॅनल घ्यावे. एकाच किमतीत मोठे इंजिन आणि सिंगल चॅनल, किंवा लहान इंजिन आणि ड्युअल चॅनल अशी निवड असेल, तर दुसरा पर्याय शहाणपणाचा.

एबीएसलाही मर्यादा आहेत. सुटी खडी, वाळू किंवा चिखलावर त्याने थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. म्हणून कच्च्या रस्त्यांसाठी केलेल्या काही गाड्यांत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय असते. शिवाय साधे एबीएस सरळ चालणाऱ्या गाडीसाठी असते. वळणावर गाडी कललेली असताना टायरची काही पकड वळण्यातच खर्ची पडते आणि ब्रेकसाठी कमी उरते. ‘कॉर्नरिंग एबीएस’ गाडीचा कल मोजून त्यानुसार ब्रेकचा दाब ठरवते. पूर्वी ते फक्त मोठ्या परदेशी गाड्यांवर मिळे. आता केटीएम ३९० ड्यूक आणि टीव्हीएस अपाचे आरटीआर ३१० यांसारख्या भारतात बनणाऱ्या गाड्यांवरही मिळते. वारंवार घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्याला त्याचे मोल अधिक.

टायर आणि चाके

ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला टायर थांबवतो. टायरच्या बाजूवर ‘१००/८०-१७ ५२ पी’ असे काही कोरलेले असते. यातला १०० म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या टक्केवारीत टायरची उंची आणि १७ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. ५२ हा भारांक असून तो टायर २०० किलो भार पेलतो, असे सांगतो. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेगमर्यादा. जवळच एका लंबगोलात चार अंक असतात : २३२४ असतील तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नव्या गाडीचे टायरही गोदामात पडून जुने झालेले असू शकतात, तेव्हा गाडी ताब्यात घेताना हे अंक पाहून घ्यावेत.

ट्यूबलेस टायर खिळा लागला तरी बहुधा हळूहळू हवा सोडतो आणि चालकाला बाजूला व्हायला वेळ मिळतो. ट्यूबची हवा एकदम जाऊ शकते. स्पोकच्या चाकांना साधारणपणे ट्यूब लागते, अ‍ॅलॉय चाकांना ट्यूबलेस चालतात. खूप खडबडीत वाटेवर स्पोकची चाके दणके चांगले सोसतात, पण रोजच्या डांबरी रस्त्यासाठी अ‍ॅलॉय आणि ट्यूबलेस ही जोडी बरी. दुकानातून रुंद टायर आणून चढवण्याचा मोहही टाळावा. रिमच्या मापापेक्षा रुंद टायरचा आकार बिघडतो आणि वळणावर गाडी मनासारखी वळत नाही.

वजन, उंची आणि सस्पेन्शन

हिरो स्प्लेंडर प्लसचे वजन सुमारे ११२ किलो, तर रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चे सुमारे १९५ किलो. जड गाडी महामार्गावर वाऱ्याला आणि ट्रकच्या झोताला दाद देत नाही; पण गर्दीत, चढावर, गाळ साचलेल्या गल्लीत तीच सांभाळायला अवघड जाते. शून्य वेगावर गाडी कलंडणे हा क्षुल्लक प्रकार वाटतो, पण मागून बस येत असताना तो जिवावर बेतू शकतो. सिग्नलला दोन्ही पायांचे चवडे नीट टेकत असतील, तर सीटची उंची योग्य समजावी. चालकाची उंची कमी असेल तर सीटच्या रुंदीकडेही लक्ष द्यावे, कारण रुंद सीटवर पाय फाकतात आणि जमीन आणखी दूर जाते.

दोन चाकांमधले अंतर जास्त असलेली गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते. कमी असलेली चटकन वळते. सस्पेन्शनचे खरे काम चाक रस्त्याला चिकटून ठेवणे हे आहे. खड्ड्यावरून जाताना चाक उडाले, तर तेवढा वेळ ब्रेक असून नसल्यासारखाच. डबलसीट आणि सामान घेऊन जाणाऱ्याने मागच्या शॉकअबची ताठरता कमी-जास्त करता येते का, हे विचारावे.

दिसणे आणि पाहणे

एप्रिल २०१७ पासून भारतातल्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो, तो समोरच्याला दुचाकी दिवसाही लवकर दिसावी म्हणून. रात्रीसाठी मात्र दिव्याची पारख स्वतः करावी. काही एलईडी दिवे शोरूममध्ये झगझगीत वाटतात, पण त्यांचा झोत रस्त्याच्या कडेपर्यंत पोचत नाही. नेमक्या कडेलाच चालणारी माणसे, जनावरे आणि बंद पडलेले ट्रॅक्टर असतात. शक्य असल्यास एखादी ट्रायल अंधार पडल्यावर घ्यावी. आरशात स्वतःचे कोपरच दिसत असेल, तर तो आरसा कामाचा नाही.

ताकद आणि इतर इलेक्ट्रॉनिक्स

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीची कमाल वेगमर्यादा चौपदरी महामार्गावर ताशी ८० आणि शहरात ६० किलोमीटर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. या वेगांना पुरून ओव्हरटेकसाठी थोडी ताकद हाताशी राहावी, एवढे इंजिन पुरते. शहरात १०० ते १२५ सीसी आणि नियमित महामार्गासाठी १५० ते ३५० सीसी हा पल्ला बहुतेकांना पुरेसा आहे.

स्लिपर क्लच घाईने गिअर उतरवला तरी मागचे चाक लॉक होऊ देत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल ओल्या रस्त्यावर मागचे चाक जागीच गरगरू लागले की इंजिनाची ताकद आवरते. ताकदवान गाडीत ते हवे, शंभर सीसीत त्याची गरज नाही. साइड स्टँड खाली असताना इंजिन बंद करणारा स्विच साधा, पण मोलाचा. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा लांबच्या प्रवासात उपयोगी पडते. फोनला जोडलेला पडदा मात्र सुरक्षिततेच्या यादीत धरू नये; ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन सेकंद नजर पडद्यावर गेली की ३३ मीटर रस्ता न पाहता मागे पडतो.

मागे बसणाऱ्याचा हक्क

मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकावर साडी गार्ड असणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. गाडी ऐटबाज दिसावी म्हणून साडी गार्ड काढून टाकणारे अनेक आहेत. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात अडकून होणारे अपघात भयंकर असतात. घरातले ज्येष्ठ किंवा मुले मागे बसणार असतील, तर त्यांना सोबत नेऊन सीटवर बसवून पाहावे. उंच, आखूड आणि उतरती सीट त्यांच्यासाठी नाही.

ट्रायल, ताबा आणि हेल्मेट

ट्रायल घेताना रिकाम्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या जोराने लावून पाहावेत आणि गाडी एका बाजूला ओढते का, हे तपासावे. किल्ली फिरवली की एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडीने थोडा वेग घेताच विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा चालू राहिला, तर गाडी ताब्यात घेऊ नये. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून सुरुवातीचे शंभर-दोनशे किलोमीटर वळणे आणि ब्रेक सांभाळून घ्यावेत.

गाडीच्या बजेटमध्ये दोन हेल्मेटांची किंमत आधीच धरावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चालक आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातांत दगावले आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. जून २०२१ पासून भारतात आयएसआय चिन्हाविना दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. त्यावरचा मानक क्रमांक आयएस ४१५१ असतो. पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकलले तरी डोक्यावरून निघता कामा नये, आणि एकदा जोराचा आपटा बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

सगळ्या तपशिलांची उतरंड लावायची तर ती अशी : हेल्मेट, एबीएस, पुढची डिस्क, चांगले टायर, अंगाला मानवणारे वजन आणि उंची, रस्ता दाखवणारा दिवा, मागे बसणाऱ्याची सोय, त्यानंतर ट्रॅक्शन कंट्रोलसारखी साधने आणि सर्वांत शेवटी ताकद. पैसे कमी पडतील तेव्हा ही यादी शेवटाकडून छाटावी.