दुसऱ्या बेसपाशी

बिंग क्रॉस्बी हा विख्यात गायक आणि नट पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाच्या मालकांपैकी एक होता, आणि १९६० सालच्या वर्ल्ड सीरीजचा सातवा, निर्णायक सामना प्रत्यक्ष पाहण्याची छाती न झाल्यामुळे तो सपत्नीक पॅरिसला निघून गेला. जाण्यापूर्वी मात्र त्याने अशी तजवीज करून ठेवली की, दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून तो संपूर्ण सामना फिल्मवर उतरवून घ्यावा, म्हणजे संघ जिंकलाच तर परतल्यावर निवांतपणे पाहता येईल. संघ जिंकला, त्याने तो पाहिलाही असावा, आणि मग पाच रिळांत मावलेला तो दस्तऐवज कॅलिफोर्नियातील त्याच्या घरच्या जुन्या मद्याच्या तळघरात जो पडून राहिला, तो क्रॉस्बीच्या मृत्यूनंतरही बत्तीस वर्षांनी, २००९ च्या डिसेंबरात, कोणाच्या तरी हाती लागला. तोपर्यंत या सामन्याचे संपूर्ण चित्रण नष्ट झाले, असेच सारे जण धरून चालले होते.

ते करडे, किंचित थरथरणारे चित्रण मी आजवर अनेकदा पाहिले आहे, आणि दर वेळी माझी दृष्टी चेंडूला सोडून दुसऱ्या बेसच्या उजव्या अंगाला, कमरेत किंचित वाकून उभ्या असलेल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणावर जाऊन स्थिरावते. हा बिल मॅझेरोस्की. पाहणारे सारे ज्याची वाट पाहत असतात तो त्याचा फटका अगदी शेवटी येतो हे मला ठाऊक असते. तरीही त्याआधीचे अडीच तास त्याच्या हातांकडेच पाहत राहावे असे मला वाटते, कारण त्या हातांचे खरे आयुष्य त्या फटक्यात नव्हते, अशी माझी मनोमन खात्री झालेली आहे.

बेसबॉलचा अंतर्भाग म्हणजे एका कोपऱ्यावर उभा केलेला चौरस. त्याची प्रत्येक बाजू ९० फूट. खालच्या कोपऱ्यात फलंदाज, आणि नेमका त्याच्या समोरचा कोपरा म्हणजे दुसरा बेस. पहिल्या बेसवर प्रतिपक्षाचा एक धावपटू उभा आहे आणि फलंदाजाने मारलेला चेंडू सरपटत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपकडे निघाला आहे, अशी कल्पना करावी. फलंदाजाला पहिला बेस गाठावयास चार सेकंदांहून थोडा अधिक अवधी लागतो. तेवढ्या मुदतीत शॉर्टस्टॉपने तो चेंडू उचलून दुसऱ्या बेसकडे फेकावयाचा, सेकंड बेसमनने आपल्या जागेवरून धावत येऊन, बेसवर पाय टेकून तो घ्यावयाचा म्हणजे पुढचा धावपटू बाद झाला, आणि तत्क्षणी अंग वळवून तो पहिल्या बेसकडे रवाना करावयाचा म्हणजे फलंदाजही बाद झाला. याला म्हणतात डबल प्ले. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु चेंडू ज्या बाजूने येतो तिकडे सेकंड बेसमनचे तोंड असते, आणि पहिल्या बेसवरून सुसाट निघालेला, त्याचे पाय उखडून टाकण्याच्या इराद्याने धुळीत घसरत येणारा धावपटू असतो त्याच्या पाठीशी. त्याची चाहूल लागत असतानाही नजर चेंडूवरून न काढणे, हा त्या जागेचा पहिला नियम होय.

मॅझेरोस्की त्या जागी पाय रोवून उभा राही. धावपटू येऊन त्याच्या पिंढऱ्यांवर आदळत, आणि बहुधा तेच दूर फेकले जात. हातमोजा तो मुद्दाम लहान वापरी. खोल मोज्यात चेंडू रुतून बसतो आणि तो शोधून काढण्यात निमिषभर जाते, तेवढेही त्याला परवडणारे नव्हते. डाव्या हाताच्या मोज्याला चेंडू लागला न लागला तोच तो उजव्या हातात आलेला असे, आणि उजव्या हातात आला हे पाहणाऱ्याच्या ध्यानी येईतो तो सुटलेलाही असे. चेंडू त्याच्या हाती थांबल्याचे कोणी कधी पाहिलेच नाही, म्हणून सोबत्यांनी त्याचे नावच पाडले होते ‘बिनहाताचा’. एखाद्या कारागिराला याहून मोठी सनद कोणती मिळावी? बोटांनी आयुष्यभर जे साध्य करावे, त्याची परिसीमा अशी की बोटे दिसेनाशीच व्हावीत!

ही विद्या त्याने आणली कोठून, याचा विचार करू लागलो की ओहायो राज्यातील कोळशाच्या खाणींचा मुलूख डोळ्यांपुढे येतो. १९३६ साली जन्मलेल्या या मुलाचे बालपण एका खोलीच्या, विजेवाचूनच्या लाकडी घरात गेले. बाप खाणकामगार, त्याला स्वतःला बेसबॉलचे वेड होते आणि त्या वाटेने पुढे जाण्याची उमेदही होती, परंतु खाणीतल्या अपघातात पाऊल गमावल्यावर ती उमेद त्याने मुलाच्या स्वाधीन केली. सतराव्या वर्षी, १९५४ साली, पिट्सबर्गने त्याला करारबद्ध केले ते शॉर्टस्टॉप म्हणून. त्या काळी संघाची सूत्रे ब्रँच रिकी या अनुभवी गृहस्थाच्या हाती होती, आणि या पोराला दुसऱ्या बेसवर चेंडू वळवताना पाहताच त्याने त्याची जागा बदलून ती कायमची मुक्रर केली. १९५६ च्या जुलैत, विशीही न गाठलेला मॅझेरोस्की फोर्ब्स फील्ड हे घरचे मैदान असलेल्या पिट्सबर्गच्या संघात रुजू झाला आणि १९७२ पर्यंतचे सतरा हंगाम त्याच एका संघात, जवळजवळ त्याच चार पावलांच्या जागेत, नांदला.

त्या सतरा हंगामांचे दप्तर उघडून पाहिले तर फलंदाजीच्या खात्यावर सरासरी .२६० आणि होम रन १३८, म्हणजे बेताचीच जमा आढळते. दुसऱ्या खात्यावर मात्र क्षेत्ररक्षणाचे आठ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार आहेत, १९६६ या एकाच हंगामात सेकंड बेसमन म्हणून १६१ डबल प्ले आहेत, आणि एकूण बेरीज १,७०६ ची आहे. त्या जागेवरून खेळलेल्या दुसऱ्या कोणाचीही मजल तिथवर पोहोचलेली नाही. त्यांतल्या कित्येक वेळा पाठीशी धावपटू आला, आणि तरीही तो चेंडू पोहोचता झाला. प्रत्येक वेळचा त्याचा वाटा क्षणार्धाचा धरला, तर त्या साऱ्या क्षणांची मिळून पंधरा मिनिटेसुद्धा होत नाहीत.

आता त्या सामन्याकडे वळतो. १३ ऑक्टोबर १९६०, फोर्ब्स फील्ड, ३६,६८३ प्रेक्षक, आणि समोर न्यूयॉर्क यांकीज. सात सामन्यांत मिळून यांकीजने ५५ धावा केल्या, पिट्सबर्गने २७. तरीही तीन-तीन सामन्यांची बरोबरी होऊन मामला या दिवसावर येऊन ठेपला होता. आठव्या डावात पिट्सबर्ग ४-७ असे मागे पडले असताना, पहिल्या बेसवर धावपटू होता आणि बिल व्हर्डनने एक चेंडू सरळ यांकीजच्या शॉर्टस्टॉपकडे, टोनी क्युबेककडे, सरपटत धाडला. तो हमखास डबल प्लेचा चेंडू होता. क्युबेक त्यासाठी तयारही झाला. पण फोर्ब्स फील्डची जमीन कडक, चेंडू मध्येच कशावर तरी आपटून विपरीत उसळला आणि थेट त्याच्या गळ्यावर बसला. क्युबेक कोसळला, त्याला मैदानाबाहेर न्यावे लागले. जेथे दोघे बाद व्हावयाचे तेथे एकही झाला नाही, आणि त्या उघड्या पडलेल्या खिंडारातून पिट्सबर्गने पाच धावा काढून ९-७ अशी आघाडी घेतली.

नवव्या डावात त्याच्या उलट प्रकार. यांकीजची एक धाव झालेली, एक गडी बाद, तिसऱ्या बेसवर एक धावपटू, पहिल्यावर मिकी मँटल, आणि योगी बेराने मारलेला चेंडू पिट्सबर्गच्या पहिल्या बेसवरील रॉकी नेल्सनच्या हाती आला. तो तत्काळ दुसऱ्या बेसकडे धाडून परत घेतला असता तर दोघे बाद होऊन सामना तिथेच ९-८ असा पिट्सबर्गच्या पदरात पडला असता. नेल्सनने आधी स्वतःच्या बेसवर पाय ठेवला. मँटल, जो दुसऱ्या बेसकडे जावयाचा, तो विजेसारखा मागे फिरून पोटावर झेपावला आणि नेल्सनच्या हाताखालून निसटून पहिल्या बेसला जाऊन बिलगला. तोवर तिसऱ्या बेसवरचा धावपटू घरी पोहोचला. ९-९. हे दृश्य चित्रणात आले की मी दर वेळी मॅझेरोस्कीला शोधतो. आपल्या कारकिर्दीत ज्याने सेकंड बेसमन म्हणून सर्वांहून अधिक डबल प्ले वळवले, त्याच्या डोळ्यांदेखत एक डबल प्ले हुकला. आणि तो हुकला म्हणूनच त्याला पुढच्या अर्ध्या डावात पहिल्या क्रमांकाने फलंदाजीस यावे लागले.

पुढचे सर्वश्रुत आहे. यांकीजचा गोलंदाज राल्फ टेरी याचा पहिला चेंडू उंच गेला. दुसरा मॅझेरोस्कीने डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे घालवला. त्या बाजूला क्षेत्ररक्षण करणारा बेरा भिंतीकडे चार पावले धावला आणि थबकला. घड्याळात तीन वाजून छत्तीस मिनिटे झाली होती. टोपी हातात घेऊन, हात फिरवीत धावणारा तो तरुण तिसऱ्या बेसला वळसा घालतो तोच लोक मैदानात घुसतात, आणि तो घरी पोहोचतो तो त्या गर्दीत जवळजवळ बुडूनच.

टेरीविषयी मात्र दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. दोन वर्षांनी, १९६२ च्या सातव्या सामन्यात, सॅन फ्रान्सिस्कोत, १-० अशा नाजूक आघाडीवर, दोन धावपटू बेसवर असताना पुन्हा तोच चेंडू टाकीत होता. विली मकोव्हीने मारलेला घणाघाती फटका सरळ गेला तो यांकीजचा सेकंड बेसमन बॉबी रिचर्डसन याच्या हातात. एका सेकंड बेसमनने ज्याला धुळीस मिळवले, त्याला दुसऱ्याने उचलून उभे केले. रिचर्डसनच १९६० च्या मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, पराभूत संघाचा असूनही. तसा बहुमान त्याच्यापूर्वी वा नंतर कोणास मिळालेला नाही.

२०१० साली, मॅझेरोस्कीच्या चौऱ्याहत्तराव्या वाढदिवशी, पिट्सबर्गच्या नव्या मैदानापाशी त्याचा पुतळा उभारला गेला. टोपी हातात घेऊन धावणारा. डबल प्लेचा पुतळा घडवणे शिल्पकाराला अशक्यच आहे, हे मी समजू शकतो. जे थांबतच नाही त्याला धातूत कसे ओतावे? पण कूपर्सटाउनच्या बेसबॉल कीर्तिमंदिराने त्याला वर्षानुवर्षे दाराबाहेर तिष्ठत ठेवले, हे आठवले की माझे मन खरोखर कष्टी होते. मतदारांच्या हिशेबी फलंदाजीचे आकडे कमी पडत होते. अखेर २००१ साली जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीने त्याला प्रवेश दिला. ऑगस्टमधल्या त्या समारंभात तो भाषणाचे बारा कागद घेऊन उभा राहिला. क्षेत्ररक्षणालाही या मंदिरात स्थान असले पाहिजे अशा अर्थाचे दोन शब्द बोलला, आणि त्याचा कंठ दाटून आला. हे बारा कागद काही वाचून होत नाहीत, असे सांगून, आलेल्यांचे आभार मानून, तीन मिनिटांच्या आत तो खाली बसला. मंचावर मागे बसलेले जुने, नावाजलेले खेळाडू डोळे पुशीत उठून उभे राहिले.

फोर्ब्स फील्ड १९७० साली बंद झाले आणि पुढे पाडले गेले. तेथील विद्यापीठाच्या आवारात त्याच्या विटांच्या भिंतीचा एक तुकडा उरला आहे, वेलींनी झाकलेला. दरवर्षी १३ ऑक्टोबरला लोक तेथे जमतात, घडीच्या खुर्च्या मांडतात, आणि त्या सामन्याचे रेडिओवरील जुने समालोचन पहिल्या चेंडूपासून लावतात, अशा बेताने की तो फटका बरोबर तीन छत्तीसला यावा. त्याआधी अर्थात आठवा डाव येतो. व्हर्डनचा चेंडू पुन्हा जमिनीवरून निघतो, क्युबेक पुन्हा त्यासाठी वाकतो, आणि भिंतीला टेकून बसलेली माणसे, शेवट ठाऊक असूनही, क्षणभर बोलणे थांबवतात.