शेकरूची वाट

गेल्या डिसेंबरात एका रविवारी आम्ही सगळे मुळशीला गेलो. भाईजाननी तिथे 11 गुंठ्यांचा प्लॉट घेतला होता आणि अम्मींना तो दाखवायचा होता. भाभींनी फजरनंतरच खिमा आणि रोट्या बांधून घेतल्या. मुलं मागच्या सीटवर आणि मी त्यांच्यात दाटीवाटीने.

चांदणी चौक ओलांडला, भूगाव, पिरंगुट मागे पडलं. माझ्या लहानपणी या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भातखाचरं होती. आता खाचरांपेक्षा फलकच जास्त. ‘निसर्गाच्या कुशीत तुमचं घर’, ‘हिरवाईत गुंतवणूक’. पौड गेलं आणि थोड्या वेळाने उजवीकडे पाणी दिसू लागलं. मुळशीचा जलाशय.

‘‘फुफी, हे तळं नैसर्गिक आहे का?’’ भाईजानच्या मुलाने विचारलं.

मी सांगितलं, इथे मुळा आणि नीला या नद्यांचं खोरं होतं. त्यात गावं होती, भाताची जमीन होती. धरणासाठी ती घेतली जाणार म्हणून 1921 साली मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले, सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. लढा 1924 पर्यंत चालला, पण धरण झालं. इथलं पाणी बोगद्यातून खाली कोकणात भिऱ्याला जातं आणि त्यावर वीज तयार होते. मुंबईचे दिवे त्यावर लागले. मुलगा पाण्याकडे पाहत राहिला. खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला आणि जंगल उरलं ते डोंगराच्या उतारांवर आणि देवरायांत, हे त्याला सांगायचं राहून गेलं. त्याचा अर्थ मलाही त्या दिवशी दुपारीच कळला.

प्लॉट उतारावर होता. खालच्या अंगाला गावची देवराई, वरच्या अंगाला ताम्हिणीकडे चढत जाणारं रान आणि मधोमध आमची जागा. पूर्वेच्या हद्दीवर हिरडा, जांभूळ, अंजनी अशी जुनी झाडं ओळीने उभी होती. त्यांच्या पायाशी कारवीची दाट झुडपं. भाईजान उत्साहाने दाखवत होते, ‘‘उद्या जेसीबी येतोय. ही झाडी साफ केली की जागा सपाट होईल. इथे लॉन, कडेला पाम, मागे कंपाउंडची भिंत. झाडं तोडतोय असं समजू नकोस, मी 50 नवीन लावणार आहे.’’

शेजारच्या खाचरातले एक वयस्कर शेतकरी बांधावर येऊन उभे होते. मी शिक्षिका आहे हे अम्मींकडून कळल्यावर ते माझ्याकडे वळले. ‘‘मॅडम, तुमच्या भावाला सांगा, ही वळ ठेवा म्हणावं. शेकरू हिच्यावरनंच जातंय.’’

त्यांनी वर बोट दाखवलं. जांभळाच्या बेचक्यात काटक्यांचा आणि पानांचा मोठा गोळा होता. शेकरूचं घरटं. शेकरू हा आपला राज्यप्राणी. त्याच्यासाठी भीमाशंकरचं अभयारण्य 1985 साली झालं, हे मी वर्गात दर वर्षी शिकवते. पण तो जमिनीवर क्वचितच उतरतो, एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्या झाडावर झेप घेत जातो, या वाक्याचा अर्थ मी कधी नीट लक्षात घेतला नव्हता. देवराईतून वरच्या रानात जायचं तर त्याला फांदीला फांदी लागलेली हवी. ती सहा-सात झाडं म्हणजे त्याचा पूल होता.

जुहरची नमाज आम्ही तिथेच चादर अंथरून अदा केली. मग काकांनी आम्हाला देवराईपर्यंत नेलं. गावाचं श्रद्धास्थान, म्हणून आम्ही कडेलाच थांबलो. तिथूनही पुष्कळ दिसत होतं. सगळ्यांत वर उंच झाडांचे शेंडे, तिथे तांबट ओरडत होता. त्याखाली मध्यम उंचीची झाडं, त्यांना लपेटून मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल. त्याखाली झुडपं, सातभाईंचा कलकलाट. आणि जमिनीवर कुजलेल्या पानांचा जाड थर. मुलाने काडीने तो जरा उकरला, तर आत गोगलगाई, किडे, एक इवलासा बेडूक.

चार मजली इमारतच म्हणा ना. प्रत्येक मजल्यावर वेगळी बिऱ्हाडं. रॉबर्ट मॅकआर्थर या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह 1961 साली नेमकं हेच मांडलं होतं. जंगलात झाडांच्या जाती किती, यापेक्षा पानांचे थर किती, यावरून तिथे किती प्रकारचे पक्षी राहतील याचा अंदाज अधिक चांगला येतो. पुण्याजवळच्या टेकड्यांवर लावलेली गिरिपुष्पाची झाडं आठवा. टेकडी हिरवी दिसते, पण सगळी झाडं एकाच जातीची, जवळपास एकाच उंचीची. म्हणजे एकच मजला. आमच्या लॉनला तर तोही नसणार.

देवरायांवर 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी मोठं काम केलं. आजूबाजूचं रान तुटून गेलं तरी कितीतरी ठिकाणी जुनी झाडं आणि वेली देवराईतच तगून राहिल्या, हे त्यांनी दाखवलं. पण देवराई लहान असते. तिच्याभोवती भिंती, दिवे आणि मोकळी जमीन आली की ती बेट होते. कडेने ऊन आणि वारा आत शिरतो, ओल कमी होते. रात्रीच्या दिव्यांनी काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत. आतले प्राणी बाहेर जाऊ शकत नाहीत, बाहेरचे आत येत नाहीत. ताम्हिणीला 2013 साली अभयारण्य झालं ही चांगली गोष्ट आहे. पण अभयारण्याची हद्द संपते तिथे शेकरूची गरज संपत नाही.

परत येताना अम्मी अचानक म्हणाल्या, ‘‘मक्केत हरमच्या हद्दीत शिकार करता येत नाही, रानातलं झाड तोडता येत नाही. तिथे हे सगळे पाळतात.’’ त्या 2 वर्षांपूर्वी हज करून आल्या आहेत. देवराईमागची श्रद्धा वेगळी आणि हरमची हुरमत वेगळी, हे त्यांना ठाऊक आहे. पण एका हद्दीत माणसाने आपला हात आवरायचा, ही शिस्त त्यांना ओळखीची वाटली. भाईजान काही बोलले नाहीत.

गाडीत मी त्यांना म्हटलं, ‘‘झाड लावणं सदका आहे, कारण त्याचं फळ पाखरू खातं, माणूस खातो. मग ज्या झाडावर आज पाखरू राहतंय ते तोडून नवीन लावलं तर हिशेब कुठे जमला?’’

‘‘तू वर्गात नाहीस,’’ ते म्हणाले. प्लॉटसाठी त्यांनी 14 वर्षं पैसे साठवलेत. माझं बोलणं त्यांना लागलं असणार. मीही गप्प बसले.

उर्दूत अधिवासाला मस्कन म्हणतात. मस्कन आणि सुकून हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. जिथे सुकून मिळतो ते मस्कन. भाईजान सुकून शोधायलाच मुळशीला आले होते. आणि तिथे आधीपासून कोणीतरी राहत होतं.

सोमवारी जेसीबी आला. संध्याकाळी भाईजानचा फोन आला. फाटकासाठी कोपऱ्यातला एक हिरडा काढला, बाकीची वळ ठेवली. भिंत तीन बाजूंनी होईल, पूर्वेला नाही. लॉन निम्मी केली. ‘‘कारवी मात्र साफ झाली,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘ड्रायव्हरला सांगायचं राहून गेलं.’’

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. घरटं जागेवर होतं. शेकरू दिसला नाही. जिथे हिरडा होता तिथे दोन झाडांत मोठी फट पडली आहे आणि ती त्याला ओलांडता येते की नाही, हे सांगता येत नव्हतं. भाईजाननी त्या जागी हिरड्याचंच रोप लावलंय. गुडघ्याएवढं आहे. संध्याकाळी सगळे पडवीत चहा पीत बसले होते, तेव्हा ते एकटेच बादली घेऊन त्याच्याकडे गेले.