गॉलमच्या उंबरठ्यावर

अद्भुतकथेतील खलपुरुषाचे हृदयपरिवर्तन पाहिले की आमच्या मनात एक शंका डोकावते. हे परिवर्तन त्या पात्राचे, की कथा आटोपण्याची घाई झालेल्या लेखकाचे? १९८३ सालच्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या चित्रपटात डार्थ व्हेडर अखेरच्या घटकेला पुत्राला वाचवतो आणि प्राण सोडतो. क्रुसावरील पश्चात्तापी चोर ठाऊक असलेल्या आपण अखेरच्या घटकेला क्षुल्लक लेखू नये, हे खरे. तरीही असा मृत्यू लेखकाच्या पथ्यावर पडतो. ज्यांची घरे उद्ध्वस्त केली त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणे, झालेली हानी भरून देणे, हे सारे मग लिहावे लागत नाही. आपला वाल्या कोळी वाल्मीकी झाला तो अंगावर वारूळ चढेपर्यंत बसून.

या प्रश्नाचा अधिक प्रामाणिक विचार आम्हांस जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीत आढळला. टोल्कीन श्रद्धावंत कॅथॉलिक. त्यांच्या आईने १९०० साली कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली. १९०४ साली ती वारली, तेव्हा दोन्ही पोरक्या मुलांचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी पत्करले. धर्मगुरूच्या छायेत वाढलेल्या या लेखकाने गॉलम रंगवला.

गॉलम मूळचा स्मेगल. एका अंगठीच्या लोभापायी त्याने मित्राचा गळा दाबला आणि शतकानुशतके अंधारात काढली. ती अंगठी नष्ट करण्यास निघालेला फ्रोडो त्याला जीवदान देतो, मूळ नावाने हाक मारतो. (नावाने हाक मारल्याने काय होते, हे मग्दालीया मरीयेला विचारावे!) पुढे एका डोंगरातील पायऱ्यांवर फ्रोडो थकून झोपला असता, त्याच्या घाताचा कट रचून आलेला गॉलम त्याच्याकडे पाहत राहतो, हळूच त्याच्या गुडघ्याला हात लावतो. त्या क्षणी तो केवळ एक थकला-भागला म्हातारा जीव दिसतो. इतक्यात फ्रोडोचा निष्ठावंत सेवक सॅम जागा होतो आणि खेकसतो. गॉलमच्या डोळ्यांतील हिरवी चमक परत येते. सॅम ओशाळून क्षमाही मागतो. पण वेळ टळलेली असते. गॉलमचा पश्चात्ताप असा ओठांशी येऊन विरला, याचे दुःख टोल्कीन यांनी पुढे पत्रांतूनही व्यक्त केले आहे.

सॅम दुष्ट नव्हे. उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावासारखा तो कष्टाळू, एकनिष्ठ. आणि त्याचा संशय खोटाही नव्हता. आपल्या घराघरांत असे सॅम आहेत.

तथापि सारा भार सॅमवर टाकणे अन्यायाचे होईल. याच कादंबरीतील सारुमानला पुन्हा पुन्हा दया दाखवली जाते. ती त्याला शिवीसारखी झोंबते. कृपा कुणावर लादली जात नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण. म्हणून ज्या कथेत खलपुरुषाला नकार देणे शक्य असते, तिथलाच त्याचा होकार आम्हांस खरा वाटतो.

गॉलमने होकार दिला नाही. मात्र अग्निपर्वताच्या उतारावर तो पुन्हा सॅमच्या तावडीत सापडला, तेव्हा सॅमची तलवार उगारलेली होती. मधल्या काळात थोडा वेळ का होईना, सॅमनेही ती अंगठी बाळगली होती; तिचे ओझे त्याला कळले होते. त्याने तलवार खाली घेतली आणि गॉलमला निघून जाण्यास सांगितले.