सहावा पेला

देवळाची वाट आली कीं दुकानें आलींच. पंढरपुरास चुरमुरे, बुक्का आणि तुळशीच्या माळा यांच्या राशींतून वाट काढल्यावांचून नामदेवाची पायरी दिसत नाहीं. आणि पांडुरंगास जरा थांबवून आधीं कुंकवाचा भाव विचारणारीं माणसें आम्हीं आमच्या घरांतच पाहिलीं आहेत. तेव्हां जपानांतील क्योतो शहरीं कियोमिझु देवालयाच्या चढणीवर दोन्ही बाजूंस दुकानांची दाटी दिसली, तरी आम्हांस परकें असें कांहीं वाटलें नाहीं. नवल एवढेंच कीं, येथें मिठाईच्या जोडीला मातीचीं भांडीं मांडलेलीं होतीं, आणि त्यांतल्या एका पेल्याची किंमत वाचून आमच्या सौभाग्यवतींनीं चष्मा पुसून पुन्हां घातला.

देवालयाची स्थापना ७७८ सालची मानतात. हल्लींची मुख्य इमारत १६३३ ची आहे. देवता कान्नोन, म्हणजे आपलाच अवलोकितेश्वर, अकरा मुखांचा व सहस्र हातांचा. येथवर पोंचतां पोंचतां त्याचें नांव पालटलें, वेष पालटला. भक्तांचीं गाऱ्हाणीं ऐकण्याचें काम तेवढें तेंच राहिलें. डोंगराच्या उतारावर सुमारें १३ मीटर उंचीचा प्रशस्त लांकडी सज्जा पुढें काढलेला आहे. नवस फळावा म्हणून पूर्वीं लोक त्यावरून खालीं उडी टाकीत. १८७२ सालीं सरकारानें ही चाल बंद केली, पण भाषेंतून ती गेली नाहीं. ऐपतीबाहेरची वस्तु विकत घ्यावयाची झाली म्हणजे जपानी मनुष्य अजूनही ‘कियोमिझुच्या सज्ज्यावरून उडी टाकतों’ असें म्हणतो. आमची कन्या नोकरीनिमित्त ओसाका येथें असते, तिनें ही म्हण सांगून वर पुस्ती जोडली, “बाबा, ही पाठ करून ठेवा. आई दुकानांत शिरली कीं लागेल.”

वास्तविक पेले घ्यावयाची हौस आमचीच होती, आणि तिच्या मागें एक घरगुती इतिहास आहे. १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत जपानी माल आपल्याकडील बाजारांत फार स्वस्त मिळूं लागला, तेव्हां आमच्या आजोबांनीं मुंबईहून सहा कपबशा आणल्या. तळाशीं ‘मेड इन जपान’ अशीं अक्षरें होतीं. त्या काळीं तीं टिकाऊपणाची ग्वाही समजत नसत. लवकरच एका कपाचा कान उडाला. कोणाच्या हातून, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें व कोणी बोलत नव्हतें. पुढें आमची आई लग्न होऊन घरांत आली, आणि तो कानतुटका कप तिचा झाला. तसें तिला कोणीं सांगितलें नाहीं. चहा ओतला कीं पांच हात पुढें होत, पांच धडके कप उचलले जात, आणि उरलेला तिच्याकडे येई. पदराच्या टोंकानें तो धरून ती चहा पीत असे. आम्हीं हें लहानपणापासून पाहिलें, आणि लाज वाटते ती ही कीं, त्यांत पाहण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. धडके कप एकामागून एक फुटले. कानतुटका तेवढा टिकला, आणि तोही दोन वर्षांपूर्वीं आमच्याच हातून मोरींत फुटला. आईनें तुकडे गोळा केले; बोलली कांहीं नाहीं. म्हणून जपानास जावयाचें ठरतांच आम्हीं मनाशीं योजिलें कीं, घरांत माणसें सहा, तेव्हां सहा पेले आणावयाचे, आणि सगळे धडके.

देवालयाकडे चढणाऱ्या एका गल्लीचें नांवच मुळीं चावानझाका, म्हणजे चहाच्या वाडग्यांची चढण. येथील भांड्यांस कियोमिझु-याकी म्हणतात. मातीवर झिलई चढवून त्यावर रंगीत नक्षी काढण्याच्या कामांत सतराव्या शतकांत निन्सेई नांवाचा कारागीर फार मोठा झाला; त्याच्या मागून केन्झान झाला, आणि त्या दोघांची सावली या दुकानांवर अजून आहे. एके काळीं या भागांत डोंगराच्या अंगानें पायरीपायरीनें चढत जाणाऱ्या लांकडाच्या भट्ट्या पेटत असत. १९७० च्या सुमारास शहरांत धूर करण्यास मनाई झाली आणि त्या विझल्या. आतां बहुतेक काम विजेच्या व वायूच्या भट्टींत भाजतात. अशी एक विझलेली भट्टी कावाई कान्जिरो (१८९०–१९६६) या थोर कुंभाराच्या घराच्या मागील बाजूस जतन केलेली आहे. तिचे आठ कोठे एकावर एक चढत गेलेले आहेत, आणि शेजारचे कुंभारही आपलीं भांडीं तींतच भाजून नेत. हा गृहस्थ आपल्या भांड्यांवर सही करीत नसे, आणि सरकारनें देऊं केलेले मोठे मानही त्यानें नाकारले. नांवापुढें पदव्यांची माळ छापल्यावांचून ज्यांस पोस्टकार्डही लिहवत नाहीं अशा आमच्या व्यवसायबंधूंनीं तें घर एकदां पाहून यावें.

दुकान आम्हीं निवडलें तें लहानसें. मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. निळ्या वेलबुट्टीचे पेले आमच्या मनास आले, परंतु संच पांचांचा. सहा मिळतील काय, असें कन्येकडून विचारविलें, तेव्हां बाईंनीं मान तिरपी करून श्वास आंत ओढला. जपानांत ‘नाहीं’ असें म्हणण्याची ही रीत आहे, हें आम्हांस मागाहून कळलें. चार या अंकाचा एक उच्चार मृत्युवाचक शब्दासारखा असल्यामुळें तो टाळतात, विषम अंक शुभ मानतात, आणि म्हणून भांडीं पांच. हें आपल्यालाही नवीन नाहीं. आहेराच्या पाकिटांत शंभरावर एक रुपया आपण घालतोंच. कपबशांचा हिशेब मात्र आपण साहेबाकडून अर्ध्या डझनाचा घेतला, आणि त्यालाच परंपरा समजून बसलों.

आमचा हिरमोड पाहून बाई आंत गेल्या आणि दुसऱ्या खेपेच्या भाजणींतला एक सुटा पेला घेऊन आल्या. घाट तोच, वेल तीच. निळा रंग मात्र किंचित् राखट उतरलेला. किंमतही त्या उतरून देणार होत्या. आम्हांस अत्यानंद झाला. पांच आणि एक मिळून सहा झाले, आणि वर चार पैसे वांचले! आम्ही खिशांत हात घालणार, तोंच सौभाग्यवतींनीं तो राखट पेला तळहातावर घेतला, फिरवून पाहिला आणि खालीं ठेवला.

“चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पण अहो, घरीं गेल्यावर हा कोणाचा, तें मला विचारूं नका.”

तीस वर्षें आम्ही वर्गांत समतेवर व्याख्यानें देत आलों आहों. त्या लहानशा दुकानांत आम्हांस एक वाक्य सुचलें नाहीं. कन्या आईकडे पाहत होती, मालकीणबाई आमच्याकडे पाहत होत्या, आणि आम्ही त्या पेल्याकडे.

शेवटीं संचाचा नाद सोडला. फळीवरचे सहा सुटे पेले घेतले: एक हिरवट, एक तांबूस, एक पांढरा व त्यावर चेरीच्या फुलांची फांदी, असे एकाचा दुसऱ्याशीं मेळ नसलेले. तो राखट निळाही त्यांत घेतला, कारण सहा निराळ्यांत तो निराळा राहिला नव्हता. बेरीज पांचांच्या संचाच्या जवळजवळ दुप्पट झाली. सज्ज्यावरून उडी पडली ती अशी. बाईंनीं एकेक पेला कागदांत गुंडाळण्यास जो वेळ घेतला, त्यांत आमच्याकडील दुकानदारानें लग्नाचा बस्ता बांधून दिला असता.

उतरतांना सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्या लागल्या. येथें जो अडखळून पडेल तो तीन वर्षांत मरतो, अशी समजूत आहे. उपाय म्हणून तेथेंच एका दुकानांत भोपळ्याच्या तुंब्या विकावयास ठेवल्या आहेत, म्हणजे शाप आणि उतारा दोन्ही एकाच उतरणीवर. आमच्या सौभाग्यवती अमावास्याही पाळीत नाहींत. पण पेल्यांची पिशवी छातीशीं धरून त्या एकेक पायरी ज्या बेतानें उतरल्या, तो बेत तीन वर्षांच्या भयाचा नव्हता.

पुण्यास आल्यावर सहाही पेले आईच्या पुढें मांडले. तिनें एकेक उचलला, उजेडाकडे धरला, तळ पाहिला, बोट फिरवून कड पाहिली. जपानी चहाच्या पेल्यास कान नसतो, हें आम्हीं इतक्या दिवसांत लक्षांतच घेतलें नव्हतें.

“अरे,” आई म्हणाली, “सगळे कानतुटकेच आणलेस कीं!”

आणि त्यांतला सर्वांत मोठा आपल्या पुढें ओढून तिनें सुनेस चहा ओतण्याची खूण केली.