नवसाचा हिशेब

ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३. घरगुती खर्चाच्या पाहणीसाठी सरकारी कर्मचारी एकेका घरी तीनदा गेले: एकदा खाण्यापिण्यासाठी, एकदा वीजबिल-औषधांसाठी, एकदा टिकाऊ वस्तूंसाठी. अशा प्रश्नावलीत अगरबत्ती, फुलं असतात, भटजींची दक्षिणाही.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीची ओटी भरायला मालवणातल्या घरोघरी खण-नारळ घेतला जातो. नारळाची किंमत सांगायला कुणी कचरत नाही. नवसाचं पाकीट मात्र वेगळं. कुणी देणगीफलकावर नाव कोरून घेतं, कुणी पावतीसुद्धा नाकारतं. त्या दुसऱ्याच्या मौनाला सरकारनेही मान द्यायलाच हवा.

सांख्यिकी संकलन कायदा, २००८ नुसार ओळख पुसल्याशिवाय कुणाची माहिती उघड करता येत नाही. पडवीत बसलेल्या आजीला हे आधी मालवणीत समजावून सांगावं. खर्च मग विचारावा.