मोज्यातील पुंगळी

1974 साली नांदेडला महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात आम्ही प्रथम थ्री-नॉट-थ्री रायफल खांद्याला लावली. तेथे नेमापेक्षा रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब कडक. पाच गोळ्या झाडल्या की पाच पुंगळ्या मोजून परत द्यावयाच्या. त्या दिवशी एक कमी भरली. ती आमच्या मोज्यात होती. शेजारच्या मित्राला रायफल डोक्यावर धरून भर उन्हात मैदानाभोवती पळविण्यात आले. आम्ही तोंड उघडले नाही.

पुढे पोटासाठी लातूरच्या एका यंत्रशाळेत लेथवर उभे राहिलो. मायक्रोमीटर हाती आला तेव्हा आम्ही गुपचूप मापली ती हीच पुंगळी. बुडाशी ती केसाएवढी फुगलेली निघाली. उस्तादांनी ते पाहिले. कोठून आणली, हे विचारले नाही, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, ‘‘बार उडताच पितळ नळीच्या भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही. मग थोडे आवळते, पण पहिल्या मापावर येत नाही.’’ परदेशी नेमबाज अशी पुंगळी तेलाचा हात देऊन पोलादी साच्यात दाबतात. दाबताना ती लांबते, म्हणून तोंडाकडून कापून पुन्हा मापतात. गळा मात्र वारंवारच्या ताणाने ताठरतो आणि एके दिवशी चिरतो. त्यावर उपाय आम्हांला गंजगोलाईजवळच्या एका तांबटाने सांगितला : ठोकून कडक झालेले भांडे तो जाळात धरी, की ते पुन्हा वळे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या या पितळेचा स्वभावच तो. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा, वरणगावचा 1964 सालचा. काडतुसाचे कवच पितळेच्या वाटीतून ओढताना तेही मधूनमधून अशीच आच द्यावी लागते.

इतके शिकलो, पण मित्राला दोन ओळी लिहिणे जमले नाही.

गेल्या नाताळात नांदेडला गेलो असता त्याचे घर शोधून काढले. पुंगळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि सारे सांगितले. त्याने ती उजेडाकडे धरून फिरविली.

‘‘मला माहीत होते,’’ तो म्हणाला. ‘‘पळताना तुझा एक मोजा वर आलेला दिसत होता.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘प्रत्येक फेरीला वाटे, आता तू सांगशील. नऊ फेऱ्या झाल्या.’’

चहा आला. पुंगळी त्याने ठेवून घेतली नाही.